दार उघडलं नाही, तर किती तासांत कळेल? उतारवयातला एकाकीपणा समजून घेऊया

६ ऑगस्ट २०१७, रविवार. अमेरिकेत राहणारा एक मुलगा आईला भेटायला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या घरी आला. बेल वाजवून झाली, पण दार उघडेना. शेवटी किल्लीवाल्याला बोलावून कुलूप उघडलं, तर आत ६३ वर्षांच्या आईचा सांगाडा होता. मायलेकाचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मध्ये झालं होतं. एकटीला राहवत नाही, असं तेव्हा आईने सांगितल्याचं बातम्यांत आलं होतं.

तेव्हा बरीचशी चर्चा 'मुलगा असा कसा?' इथेच अडकली. पण दुसरा प्रश्नही तितकाच मोठा होता. मुंबईतल्या एका गजबजलेल्या इमारतीत, जिथे वॉचमन असतो, मेंटेनन्सचं बिल येतं, लिफ्टमध्ये माणसं भेटतात, तिथे एक माणूस दिसेनासा झाला आणि ते कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

हा प्रश्न फक्त लोखंडवालाचा नाही. अंधेरीहून बोरिवलीच्या दिशेने लोकल पकडली की चौथं स्टेशन मालाड. आज तिथल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत डोकावलं तर एकटे राहणारे आजी-आजोबा सापडतात. मुलं पुण्यात, बंगळुरूत, परदेशात किंवा तिकडे विरारला. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ. एकाकीपणा म्हणजे नेमकं काय, तो का येतो, त्याने काय होतं आणि मुख्य म्हणजे करायचं काय?

एकटं असणं आणि एकाकी वाटणं

आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण अभ्यासक त्यांत फरक करतात.

पहिला प्रकार सामाजिक एकटेपणाचा. तो मोजता येतो. आठवड्यात किती जणांशी बोलणं झालं? घराबाहेर किती वेळा पडलात? अडीअडचणीला हाक मारायला किती माणसं आहेत?

दुसरा एकाकीपणा. ही भावना आहे. आपल्याला जशी नाती हवीत आणि जशी मिळताहेत, त्यातलं अंतर म्हणजे एकाकीपणा. म्हणून भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो. सून-मुलगा-नातवंडं आहेत, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि आजोबांशी दिवसभरात बोलणं काय, तर "जेवलात का?" उलट एखाद्या काकू एकट्या राहतात, पण सकाळी बाग, दुपारी वाचनालय, संध्याकाळी भजनी मंडळ. त्या एकट्या आहेत, एकाकी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल इथे उपयोगी आहे. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, असं हा अहवाल सांगतो. गंमत म्हणजे ही भावना सर्वाधिक तरुणांत आहे. १३ ते २९ या वयात १७ ते २१ टक्के जणांना एकाकी वाटतं. म्हणजे हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ते आजीच्या आधी कळेल. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष तुटलेपण जास्त आहे. तीनपैकी एका ज्येष्ठापर्यंत हे प्रमाण जातं, असा अंदाज आहे. तरुणाला एकाकी वाटलं तरी त्याच्या भोवती कॉलेज, ऑफिस, लोकल असते. सत्तरीत ते सगळं सुटलेलं असतं.

भारतात किती ज्येष्ठ एकटे राहतात?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटींच्या पुढे जाईल. तेव्हा दर पाच भारतीयांमागे एक जण ज्येष्ठ असेल.

२०१७-१८ मध्ये देशभरात वार्धक्याविषयी 'लासी' नावाचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात साठीच्या पुढचे सुमारे ६ टक्के लोक एकटे राहतात, असं दिसलं. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. टक्केवारी लहान वाटते, पण १०.४ कोटींचे ६ टक्के म्हणजे साठ लाखांहून जास्त माणसं.

मालाडसारख्या उपनगरात असं का होतं?

मराठी माणसाला हा विषय नवा नाही. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' हे नाटक सत्तरच्या दशकात रंगमंचावर आलं. मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोची ती गोष्ट होती. तेव्हा ती काही घरांची गोष्ट होती. आज ती इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर सापडते. त्यामागे उपनगरांची स्वतःची कारणं आहेत.

*चाळ सुटली.* गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतून अनेक कुटुंबं मालाड, कांदिवली, बोरिवलीला आली. स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर, दोन खोल्या जास्त. हे सुख मोठंच होतं. पण चाळीतली समाईक गॅलरी गेली आणि बंद दार आलं. गॅलरीत न विचारता कळायचं की समोरच्या आजी आज उठल्या नाहीत. फ्लॅटमध्ये त्यासाठी बेल वाजवावी लागते आणि बेल वाजवायला कारण लागतं.

*लोकलचा ग्रुप सुटला.* तीस वर्षं ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसं. पत्ते, भजन, वाढदिवसाचे वडे. निवृत्तीच्या दिवशी पगारासोबत हेही थांबतं. पगाराच्या जागी पेन्शन येते, ग्रुपच्या जागी काहीच येत नाही.

*जोडीदार गेला.* अनेक घरांत नातेवाईकांना फोन करणं, शेजारी वाटी पाठवणं, लग्न-बारशाला जाणं हे सगळं बायको सांभाळते. ती गेली की नवऱ्याची माणसं एकदमच कमी होतात. उलट बाजूला, बायका जास्त जगतात आणि म्हणून जास्त वर्षं एकट्या राहतात.

*रिडेव्हलपमेंट.* मालाडच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. बिल्डर भाडं देतो, रहिवासी मिळेल तिथे तात्पुरते पांगतात. तरुणाला तीन-चार वर्षं म्हणजे काही नाही. पंचाहत्तरीतल्या माणसाचा मात्र दूधवाला, भाजीवाली, डॉक्टर, देऊळ आणि समोरचं दार हे सगळं एकाच दिवशी बदलतं. नव्या टॉवरमध्ये परत आलं तरी शेजारी तेच असतील याची खात्री नसते. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरियावर तासन्‌तास चर्चा होते, या गोष्टीवर सहसा होत नाही.

*जिना आणि गुडघे.* लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी खाली उतरणं हा दिवसाचा मोठा निर्णय असतो. हळूहळू उतरणं आठवड्यातून एकदा होतं, मग फक्त दवाखान्यासाठी.

शरीरावर काय परिणाम होतो?

'करमत नाही' ही तक्रार आपण हसण्यावारी नेतो. पण त्याचा परिणाम मनापुरता राहत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांची नाती घट्ट होती, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त दिसली. सतत एकाकी असण्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंशाशी जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकाकीपणामुळे वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले, ते उगाच नाही.

कारण सोपं आहे. एकट्या माणसाचं जेवण चहा-बिस्किटांवर येतं. गोळ्या चुकतात. चालणं कमी होतं. 'आज तोंड सुकलेलं दिसतंय' असं सांगणारं कोणी नसतं, त्यामुळे आजार उशिरा कळतो.

आधी कान तपासा

हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण एकाकीपणाचा एक मोठा दरवाजा कानात आहे. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस चारचौघांत हरवतो. दर वाक्याला "काय म्हणालास?" विचारायची लाज वाटते. समोरचेही "जाऊ दे, काही नाही" म्हणून विषय सोडतात. मग लग्नाला जाणं बंद, फोन घेणं बंद. घरच्यांना वाटतं, बाबा तुसडे झाले.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्यासारखी कारणं दिली आहेत. त्यांत कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि सामाजिक एकटेपणा ही तिन्ही आहेत. तिघांचं एकमेकांशी नातं आहे. म्हणून आई-बाबा गप्प झाले असतील, तर समजावण्याच्या आधी कान आणि डोळे तपासून घ्या.

पैशांची अडचण असेल तर राज्य सरकारची 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, काठी अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. यात चांगलं श्रवणयंत्र बसत नाही, पण हातभार लागतो.

मन कसं अडकतं?

समजा, मालाडमधल्या एक आजी. भाचीला फोन केला, तिने उचलला नाही. आजींच्या मनात येतं, 'तिला आता माझ्याशी बोलायचं नसेल.' पुढच्या वेळी त्या फोन करत नाहीत. भाचीला वाटतं, मावशीच फोन करत नाही. दोन महिन्यांनी दोघींचं बोलणं थांबलेलं असतं आणि भांडण तर झालेलंच नसतं.

एकाकी माणसाचं मन नकाराच्या खुणा जास्त शोधतं आणि त्या दिसल्या की स्वतःहून मागे सरतं. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाकीपणावरच्या उपायांची तुलना केली. नुसत्या भेटीगाठी वाढवणं, आधार देणं, बोलण्याचं कौशल्य शिकवणं यांपेक्षा जास्त फरक कशाने पडला? 'माझं कोणाला काही पडलेलं नाही' या विचारावर समुपदेशकाच्या मदतीने काम करण्याने. म्हणूनच "जा ना, चार माणसांत मिसळ" हा सल्ला अनेकदा फुकट जातो.

स्वतःला तपासायचं असेल तर संशोधक वापरतात ते तीन प्रश्न असे आहेत. सोबत कमी पडते असं किती वेळा वाटतं? आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा वाटतं? आपण इतरांपासून तुटलोय असं किती वेळा वाटतं? क्वचित असेल तर १, कधी कधी असेल तर २, बऱ्याचदा असेल तर ३ गुण. बेरीज ६ किंवा जास्त आली, तर अनेक अभ्यास त्याला एकाकीपणा मानतात. हे निदान नाही, फक्त बोलायला सुरुवात आहे.

मग करायचं काय?

*ज्येष्ठांसाठी: ठरलेली वेळ, ठरलेली माणसं.* 'कधीतरी भेटू' यापेक्षा 'दर मंगळवारी पाच वाजता' याचा उपयोग जास्त. मुंबईच्या उपनगरांत ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. राज्यातल्या अशा संघांचा महासंघ 'फेसकॉम' नावाने ओळखला जातो. मुंबईत १९९५ पासून काम करणारी 'डिग्निटी फाउंडेशन' ज्येष्ठांसाठी 'चाय मस्ती' केंद्रं चालवते, जिथे व्यायाम, गाणी, गप्पा आणि चहा होतो. पहिल्या दिवशी ओळखीचं कोणी नसेल, अवघडल्यासारखं होईल. निदान चार वेळा जा, मग ठरवा.

*फक्त घेऊ नका, द्याही.* माणसाला सोबत हवी असते, तितकंच कोणाच्या तरी उपयोगी पडणंही हवं असतं. निवृत्त बँक कर्मचारी सोसायटीचे हिशोब बघू शकतात. गणित शिकवलेल्या बाई खालच्या मजल्यावरच्या मुलाचा अभ्यास घेऊ शकतात. 'बाबा, तुम्ही आराम करा' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी त्यातून 'तुमची गरज नाही' असाही अर्थ पोचतो.

*प्रवास स्वस्त आहे, वापरा.* मुंबई मेट्रोच्या २-अ आणि ७ या मार्गांवर ६५ वर्षांपुढच्यांना 'मुंबई वन' पासवर २५ टक्के सवलत २०२३ पासून मिळते. मालाड पश्चिम २-अ वर आहे, कुरार ७ वर. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि ६५ ते ७५ दरम्यान अर्धं तिकीट आहे. जुन्या शेजारणीकडे दहिसरला जाऊन येणं एका दुपारचं काम आहे.

*मुलांसाठी: 'जेवलीस का?' च्या पुढे जा.* रोज दहा मिनिटांचा फोन महिन्यातून एकदाच्या दोन तासांपेक्षा बरा. हवापाणी आणि औषधं विचारून झाली की सल्ला मागा. आमटीचं प्रमाण, जुन्या नातेवाइकांची नावं, गावच्या जमिनीची भानगड. आणि सकाळचा तो फुलांचा 'शुभ सकाळ' मेसेज? त्यावर हसू नका. एकट्या राहणाऱ्या अनेकांसाठी ती हजेरी असते. उत्तर द्या. एखाद्या दिवशी आला नाही, तर लगेच फोन करा.

*सोसायटीसाठी: एक यादी, एक फोन.* एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी कमिटीकडे असावी. त्यात दोन नातेवाइकांचे नंबर, डॉक्टरचं नाव, आजार, रक्तगट. त्यांची परवानगी असेल तर जादा किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. वॉचमन, दूधवाला, पेपरवाला आणि कामवाल्या मावशींना एवढंच सांगावं की सकाळची पिशवी दुपारपर्यंत दाराशीच दिसली तर कळवा. रिडेव्हलपमेंटमध्ये पांगलेल्या ज्येष्ठांची महिन्यातून एक भेट ठेवा. खर्च चहापुरताच.

*तरुणांसाठी:* मुंबईत २०२२ मध्ये रतन टाटा यांच्या पाठिंब्याने 'गुडफेलोज' ही कंपनी सुरू झाली, जी तरुणांना ज्येष्ठांचे सोबती म्हणून पाठवते. पण शेजारच्या आजोबांकडे जायला कंपनी लागत नाही. रविवारची मॅच त्यांच्या टीव्हीवर बघा.

नव्या जोडीदाराचा विचार

वयाच्या सत्तरीत जोडीदार शोधणं अजूनही कुजबुजीचा विषय आहे. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं आणि अनेकांनी तो मार्ग निवडला. वारसाहक्काची भीती असेल तर इच्छापत्र आधीच करता येतं. लोकांच्या बोलण्याची भीती मात्र मुलांनीच कमी करायची असते.

एकाकीपणा आणि फसवणूक

सायबर चोरांनाही एकटी माणसं सोपी जातात. 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीत व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस येतो आणि "कोणाला सांगू नका" म्हणतो. ज्याला सांगायलाच कोणी नाही, तो फसतो. भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही. असा कॉल आला तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

कायदा काय सांगतो?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे पालक मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्द करू शकतं.

या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या नियमांतली एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यायची. तुमच्या आजी-आजोबांचं नाव त्या यादीत आहे का? नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नोंदवा.

हे नंबर सेव्ह करा

- १४५६७: ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय 'एल्डरलाइन'. सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, मार्गदर्शन आणि मनातलं बोलण्यासाठीही.
- १४४१६: 'टेली मानस', मानसिक आरोग्यासाठी सरकारी मोफत हेल्पलाइन, चोवीस तास.
- १०९०: मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन.
- ११२: तातडीच्या मदतीसाठी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, आवडीच्या गोष्टीत रस नाही किंवा "आता जगून काय करायचं" असं बोलणं येत असेल, तर ते वयामुळे असेल असं म्हणून सोडू नका. नैराश्यावर या वयातही उपचार होतात. डॉक्टरांकडे न्या आणि माणसाला एकटं ठेवू नका.

शेवटी एक प्रश्न

तुमच्या ओळखीत एकटं राहणारं जे कोणी ज्येष्ठ आहे, त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. उद्या सकाळी त्यांनी दार उघडलं नाही, तर किती तासांत कोणाला कळेल?

उत्तर 'दोन-तीन तास' असेल, तर त्यांच्याभोवती माणसं आहेत. उत्तर 'दोन-तीन दिवस' असेल किंवा उत्तरच सुचत नसेल, तर यादी, किल्ली आणि सकाळचा फोन यांची व्यवस्था याच आठवड्यात करा. आणि आज संध्याकाळी त्यांच्या दाराची बेल वाजवा. कारण विचारलं तर म्हणा, "चहा प्यायला आलोय."